सतरा नंबरची राखण

माझ्या तासाला दहावीचा वर्ग जेवढ्या श्रद्धेनं मान खाली घालून बसतो, तेवढ्या श्रद्धेनं लोक देवळातही बसत नसतील. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, काय नम्र पोरं आहेत! तिसऱ्या वर्षी कळलं की बेंचाखाली मोबाईल आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातलं आमचं हायस्कूल. तीन बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, चौथ्या बाजूला एसटीचा थांबा, आणि शाळेच्या अगदी पाठीला मोबाईलचा टॉवर. गावात बाकीचे लोक रेंज शोधायला गच्चीवर चढतात, पाण्याच्या टाकीवर चढतात. आमच्याकडं रेंज स्वतः चालत येते आणि पहिल्या बेंचवर बसते. तिच्या धगीनं पोरांच्या डब्यातलं वरण दुपारपर्यंत गरम राहतं, असं मी एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मी विज्ञान शिकवतो. निरीक्षण हा माझा धंदा. त्यामुळं कोण बेंचाखाली काय बघतंय, हे मी पोराच्या नुसत्या चेहऱ्यावरून सांगू लागलो. ओठ मिटलेले आणि नाकातून हसू येतंय, म्हणजे रील. दोन्ही खांदे हलताहेत आणि श्वास अडकलाय, म्हणजे गेम, आणि गडी मरायला टेकलाय. एकदा एकाच्या डोळ्यांतून खळाखळा पाणी वाहताना दिसलं. घरी काही झालं का म्हणून मी धावत गेलो, तर क्रिकेटच्या सामन्याचं शेवटचं षटक चाललेलं. मीही कमी नव्हतो. वरच्या ऑफिसातून रोज काहीतरी ऑनलाइन माहिती मागतात. मी फळ्यावर एक ओळ लिहायचो आणि टेबलावरच्या मोबाईलवर चार. म्हणजे समोर चाळीसेक जण मान खाली घालून आणि टेबलाशी एक.

शेवटी हेडसरांनी नियम काढला. आमचे हेडसर म्हणजे असा आवाज, की शाळेची घंटा चोरीला गेली तर दोन महिने कोणाला कळणार नाही. त्यांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं, "तासाला ज्याच्या हातात मोबाईल दिसेल, त्याचा मोबाईल ऑफिसातल्या लोखंडी कपाटात जाईल. परीक्षा संपेल तेव्हाच कपाट उघडेल. आईबाप आले तरी, मामा आला तरी!"

त्या नियमाला आठवडाही झाला नव्हता. दिवाळी नुकतीच संपली होती, धान कापणीला आलं होतं. मी दहावीला गुरुत्वाकर्षण शिकवत होतो. रंगात आलो होतो. हात उंच करून म्हणालो, "आणि ते फळ खाली आलं. का आलं?"

"हाड!" कोणीतरी म्हणालं.

एवढ्या वर्षांत मला पोरांनी पुष्कळ उत्तरं दिली होती, पण हे नवीन होतं.

"कोण बोललं?"

"सतरा नंबर, सर," मागून एकानं अतिशय उत्साहानं सांगितलं.

सतरा नंबर म्हणजे खिडकीजवळच्या तिसऱ्या बेंचवरची मुलगी. शांत, हुशार, दोन वेण्या, अक्षर छापल्यासारखं. ती उभी राहिली. "तुम्हाले नाही म्हटलं सर."

"मग कोणाला?"

"वांदराले."

"म्हंजे सरालेच!" मागचा बेंच म्हणाला, आणि वर्ग जो फुटला तो एसटी थांब्यावरचे लोक आत डोकावेपर्यंत.

तिच्या हातात मोबाईल दिसला, नियमाप्रमाणं मी तो मागितला. तो घेऊन सरळ ऑफिसात जायला हवं होतं. पण एकदा स्क्रीनकडं नजर गेली आणि माझे पाय जागीच राहिले. रील नाही, गेम नाही. स्क्रीनवर भाजीची वाडी होती. वांग्याच्या ओळी, टमाटर, बांबूच्या मांडवावर वालाचा वेल. आणि मांडवाच्या मधोमध, पाटलानं बैठकीत बसावं तसा, काळ्या तोंडाचा एक भलाथोरला वानर बसला होता. एकेक शेंग सोलून, दाणा खाऊन, टरफल बाजूला ठेवत होता. खाता खाता त्यानं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. चाललाय तुमचा तास तर चालू द्या, असं.

"हे काय आहे?"

"आमची वाडी आहे सर. लाइव्ह."

मग तिनं सगळं सांगितलं. बाप पहाटेच्या गाडीनं गोंदियाच्या राईस मिलमध्ये हमालीला जातो. आई या दिवसांत लोकांच्या बांध्यांत धान कापायला. वाडी गावाबाहेर, जंगलाच्या कडेला, आणि दिवसा राखायला कोणी नाही. हैदराबादला कामाला गेलेल्या मोठ्या भावानं एक कॅमेरा पाठवला. सूर्यावर चालणारा, सिमकार्डवाला, चारी बाजूंनी फिरणारा. काही हललं की मोबाईलवर टुंग वाजतं. मग बटण दाबून इकडं बोललं की तिकडं वाडीत आवाज निघतो, आणि तिकडचं बोलणं इकडं ऐकू येतं.

"आणि कॅमेरा नसता तर?"

"तर मी मचाणावर असती सर," ती म्हणाली. "आई म्हणते, मोबाईल राखन करंल, नाई तं तू करशीन."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. साधं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती. मला मात्र मागच्या वर्षीचा एकतीस नंबर आठवला. तीही दहावीतच होती. "दोन आठवडे राखणीले बसतो, मंग येतो," म्हणून गेली आणि आलीच नाही. नंतर बाजारात दिसली ती कडेवर बहिणीचं पोर घेऊन. मला बघून दुसऱ्या ओळीत वळली.

मी मोबाईल कपाटात दिला नाही. "माझ्या तासाला हा माझ्या टेबलावर राहील," असं दरडावून सांगितलं. वर्गाला वाटलं, शिक्षा. खरं तर मला तो वानर पुढं काय करतो ते बघायचं होतं.

आता कबूल करायला हरकत नाही, त्यानंतरच्या पंधरवड्यात दहावीचं गुरुत्वाकर्षण जिथल्या तिथं लोंबकळत राहिलं. मी फळ्यावर सूत्र लिहायचो आणि टेबलाकडं डोळा ठेवायचो. टुंग वाजलं की खडू हातात तसाच. ती टोळी मला तोंडपाठ झाली. मोठा नर आधी एकटा येऊन पाहणी करायचा, अगदी आमच्या तपासणीच्या साहेबांसारखा, हात पाठीमागं घेऊन. मग बाया, पोटाला पिल्लं. एक लंगडी म्हातारी होती, ती फक्त टमाटर खायची, आणि तेही अर्धं. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून उचलायची, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. ते खोटं होतं, पण कोणी हसलं नाही, म्हणून मी पुढं तेच खरं धरून चाललो.

सतरा नंबर टेबलाशी येऊन बटण दाबून "हाड! हाट!" करायची आणि टोळी पळायची. पण एक दिवस मोठा नर पळाला नाही. त्यानं कॅमेऱ्याच्या बांबूकडं बघितलं, कान खाजवला आणि खात राहिला. दुसऱ्या दिवशी बायाही हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू बांबूवर चढून कॅमेऱ्यात डोकावलं. सगळ्या वर्गाला त्याचं नाक दिसलं.

"सर, ते मले ओळखून राहिले," सतरा नंबर म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. "आईनं काल तुटलेल्या शेंगा पाह्यल्या. म्हणते, हे डबडं काई कामाचं नाई. सोमवारपासून वाडीवर बस."

बुधवार होता. हातात तीन दिवस.

मी वर्गाला विचारलं, "वानर कशाला घाबरतो?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या प्रश्नाला बेचाळीस हात वर आले. कुत्र्याला! फटाक्याला! माझ्या आजीला! मोबाईलवरून वाजवता येतील तेवढे आवाज आम्ही वाजवले. कुत्र्याचं भुंकणं एक दिवस चाललं. फटाक्याच्या आवाजाला मोठ्या नरानं नुसती भुवई उचलली. दिवाळी त्यानंही पाहिलीच होती. मग मागच्या बेंचच्या एका विद्वानानं सुचवलं, "सर, वाघ लावू."

आम्ही वाघ लावला. आवाज शेवटापर्यंत वाढवून, डरकाळी. टोळी एका झेपेत गायब. वर्गानं टाळ्या वाजवल्या. पण वाडीच्या चारी बाजूंनी कापणी चालली होती, हे आम्ही विसरलो. आमच्या भागात वाघ ही काही पुस्तकातली गोष्ट नाही. मागच्याच महिन्यात शेजारच्या गावात एक बैल गेला होता. पाच मिनिटांत सगळी माणसं विळे टाकून डांबरी रस्त्यावर. पंधरा मिनिटांत शाळेच्या मैदानात निम्मं गाव. वनरक्षक मोटारसायकलवरून आला, संध्याकाळपर्यंत वाडीभोवती पंजे शोधत फिरला, आणि शेवटी एका ठशाभोवती काठीनं गोल आखून गेला. तो ठसा त्याच्याच बुटाचा होता. दुसऱ्या दिवशी कापणीला कोणी आलं नाही. सतरा नंबरच्या आईचाही दिवस बुडाला. ते कळलं तेव्हा वर्गात कोणी हसलं नाही. वाघ बंद.

शुक्रवारी मी बोटांत खडू धरून बसलो होतो आणि हजेरी घ्यायची होती. एक नंबर म्हणाला, "हजर सर." दोन नंबर म्हणाला, "हजर सर." एकाचा आवाज चिरका, दुसऱ्याचा रेड्यासारखा. माझ्या डोक्यात टुंग वाजलं. वानराला मोठा आवाज नको होता; त्याला अनोळखी आवाज हवा होता! आणि अनोळखी आवाजांचं तर माझ्यासमोर गोदाम होतं.

मी मोबाईल हातात घेतला, बटण दाबलं आणि बेंचामागून बेंच फिरू लागलो. प्रत्येकानं मोबाईलमध्ये हजेरी द्यायची. तिकडं वाडीत टोळी जमलेली. "हजर सर!" मोठ्या नरानं मान वर केली. "हजर सर!" तो उभा राहिला. सहा नंबर तोतरा आहे, त्याचं "ह-ह-हजर" ऐकून लंगडी म्हातारी टमाटर टाकून निघाली. अकराव्या नंबरचा आवाज त्याच आठवड्यात फुटत होता. वरच्या पट्टीत सुरू होऊन विहिरीत पडला. मोठा नर एवढा गोंधळला की डावीकडं पळायचं ते उजवीकडं पळाला आणि मांडवाच्या दोरीत अडकला. पोरं बेंचवर चढली. हजेरीत एवढा जीव मी कधी पाहिला नव्हता. अठ्ठावीस नंबरानं तर जोशात सगळंच सांगून टाकलं, "हजर सर! उतर खाली, चोरट्या!"

"कोणी उतरायचं?" दारातून आवाज आला.

हेडसर उभे होते. माझ्या हातात मोबाईल, तोंडाजवळ.

मी खूप बोललो. प्रयोग म्हटलं, निरीक्षण म्हटलं, निष्कर्ष म्हटलं. हेडसरांनी एकच विचारलं, "मोबाईल कोणाचा?" सतरा नंबर उभी राहिली. मोबाईल कपाटात गेला. किल्ली खिशात गेली. मी त्यांच्या मागोमाग गेलो, मुलीचं शाळेत राहणं त्यावर आहे, असं सांगू लागलो, तर म्हणाले, "एकाला सूट दिली की उद्या चाळीस जणांच्या वाड्या निघतात, सर."

यात खोटं काही नव्हतं. दोघांच्या वाड्या तर त्याच दुपारी निघाल्या होत्या. एकाकडं शेतच नव्हतं.

सोमवारी हजेरी घेताना मी सोळा म्हणालो. सतरा म्हणालो. मग अठरा म्हणायला थोडा वेळ लागला.

तिसरा तास आठवीला होता. मी त्यांना डोळ्याची आकृती काढायला सांगितली, बुबुळ नीट गोल काढा म्हणालो, आणि गाडी काढली.

वाडीवर चार खांबांचं मचाण होतं, वर पळसाच्या पानांचं छत. सतरा नंबर त्यावर बसली होती, मांडीवर विज्ञानाचं पुस्तक, हातात गुलेल. पुस्तक उघडं होतं, पण नजर झाडांकडं होती. राखणीत पुस्तक वाचता येत नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. एक ओळ वाचायची तर डोळे खाली न्यावे लागतात, आणि टोळी नेमकी त्याच ओळीची वाट बघत असते. लगतच्या बांधीत आई धान कापत होती. मला बघून विळा हातात तसाच घेऊन आली.

"जयभीम सर. इकडं काऊन आले?"

"जयभीम. पोरीला शाळेत पाठवा म्हणायला आलो."

"पाठवतो ना. मी कोठी नाई म्हटलं? शेंगा संपल्या का पाठवतो. दोन आठवड्याची तं गोष्ट आहे."

"दोन आठवडे म्हणून गेलेली पोरं मी पाहिली आहेत, बाई."

"मंग तुमी बसता का मचाणावर?" ती म्हणाली. "बसा. मी चहा आणून देतो."

मी खरंच मचाणाकडं बघितलं. ते मला पेलेल का, असा विचार करत होतो, तेवढ्यात मागच्या मोहाच्या झाडावरून टोळी उतरली. मोठा नर पुढं. सतरा नंबर उठली, गुलेल ताणली, आणि तेवढ्यात बांबूवरचा कॅमेरा खर्रकन फिरला.

"हुर्रर्र हाऽऽऽट! हुर्रर्र! हा हा हा हाऽऽट!"

सगळं रान हललं. बांधीतल्या बाया विळे धरून उभ्या राहिल्या. मी सवयीनं शर्टाचं वरचं बटण लावलं. टोळी तर अशी गेली, की तिची सावली मागून धावत गेली असं म्हटलं तरी चालेल.

"हेडसर आहेत!" सतरा नंबर म्हणाली.

मोबाईलला कुलूप नव्हतं; आई-लेकीत तो एकच होता. कपाटात सकाळपासून टुंग टुंग वाजत होता, हे मला मागाहून शिपायानं सांगितलं. हेडसरांनी आधी कपाटाला दटावलं. मग किल्ली काढून तो बंद करायला घेतला, आणि बंद करता करता बघितलं. बघितल्यावर जे माझं झालं तेच त्यांचं झालं. पण ती हाक! आम्ही सगळे हाड-हाट करत होतो, ते घरातलं मांजर हाकलण्यासारखं होतं. ही हाक पोटातून निघून दोनदा वळायची आणि शेवटी टोकाला फुटायची. ती शाळेत शिकवत नाहीत.

कॅमेरा फिरत फिरत माझ्यावर थांबला.

"सर, तुम्ही तिथं काय करून राहिले?"

"सर, पालकभेट."

"तिसरा तास कोणाचा आहे?"

"माझाच आहे सर. आठवी आकृती काढून राहिली आहे."

"आठवी माझ्या ऑफिसासमोर कबड्डी खेळून राहिली आहे."

कॅमेरा माझ्यावरून हलला आणि मचाणावर गेला. "पोरी, तू तिथं काऊन?" आवाज आता कमी झाला होता.

ती काही बोलायच्या आत आई पुढं झाली आणि बांबूकडं तोंड करून, विळा हलवत म्हणाली, "कायले पुसता सर? तुमीच तं मोबाईल कपाटात टाकला ना! मंग वांदरं कोन हाकलंल? तुमी?"

कॅमेरा खर्रकन आईकडं वळला.

"ती हाक तुमाले कोनं शिकवली?" आईनं लगेच पुढं विचारलं.

"माझ्या मायनं," कॅमेरा म्हणाला. "सातवीत होतो. एक हंगाम बसलो होतो मचाणावर. सातवी दोनदा करावी लागली." मग घसा खाकरून परत हेडसर झाले. "उद्या पोरगी शाळेत पाहिजे. मोबाईल तिच्या हातात राहणार नाही. माझ्या टेबलावर राहील. वांदरं मी पाहतो."

"पाहसान? का मीटिंगा करत बससान?"

"पाहीन म्हटलं ना!"

"मी बी पाहतो," आई म्हणाली. "एक शेंग गेली तं पोरगी इकडं."

मंगळवारी सतरा नंबर खिडकीजवळ होती. पहिले काही दिवस तिला बसणं जमेना. हात बेंचाखाली जायचा, रिकामा परत यायचा. मग ती तो वहीवर दाबून धरायची. ऑफिसातून हाक आली की सगळा वर्ग खिदळायचा. एकदा केंद्रातल्या सगळ्या मुख्याध्यापकांची सभा आमच्याकडं होती. हेडसर निकालाच्या टक्केवारीवर बोलता बोलता मध्येच टेबलाकडं झुकले आणि त्यांनी अशी आरोळी दिली, की शेजारचे एक सद्गृहस्थ खुर्चीसकट मागं गेले. हे मी डोळ्यांनी बघितलं नाही, पण खुर्ची मोडलेली बघितली.

आई रविवारी वाडीतल्या शेंगा तपासत असे आणि सोमवारी निकाल कळवत असे. एका सोमवारी सात शेंगा कमी निघाल्या. आईनं या खेपेस नुसती ताकीद दिली, असं सतरा नंबरनं मला सांगितलं, मी हेडसरांना सांगितलं. त्या दिवशी हेडसरांनी जेवणाचा डबा टेबलावरच उघडला आणि एक हात मोबाईलच्या बटणावर ठेवून जेवले.

त्याच आठवड्यात मी भिंग शिकवायला घेतलं. मेणबत्ती, भिंग, पलीकडं कागदाचा पडदा, त्यावर उलटी ज्योत. मी नेहमीसारखं एक वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सवयीनं टेबलावरच्या माझ्या मोबाईलकडं हात नेला. ऑफिसातून हाक उठली. वर्ग हसला. सतरा नंबर हसली नाही, वळलीही नाही. ती भिंग डोळ्याशी धरून खिडकीबाहेर बघत होती.

"सर," ती म्हणाली, "ज्योत उलटी दिसते, मग डोळ्यातही भिंगच आहे तं आपल्याले जग सरळ काऊन दिसते?"

मला उत्तर येत होतं का, ते इथं सांगत नाही. मोबाईल खिशात घातला आणि म्हणालो, "भिंग घेऊन पुढं ये."